पालकांचे गुरुजी

गुरुजी येईपर्यंत आम्ही नुसते आईबाप होतो. पालक आम्हांला त्यांनी केलं, आणि त्या पालकपणात आमचे जे हाल झाले ते पोरांचे शाळेत कधी झाले नाहीत.

आता मी पुण्यात नातवंडांच्यात राहते. त्यांच्या शाळेत पालकसभा असते. तिथं चहा मिळतो, बसायला खुर्ची मिळते आणि बाई हसून बोलतात. सून विचारते, "आई, तुमच्या वेळी असलं काही होतं का?" होतं की बाई. चहा आणि खुर्ची तेवढी नव्हती. आमच्या वेळी पालकाला दारात उभं करायचे.

कोळवण खोऱ्यात आमचं गाव. मारुतीच्या देवळाला लागून एक पडवी, तिच्यात चौथीपर्यंतची शाळा आणि एकच मास्तर. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती आणि सरकारच्या मनात आलं होतं की पोरांनी नुसतं पाटीवर गिरवू नये, हातानं काम करत शिकावं. असल्या शाळा सगळ्या मुळशी तालुक्यात एक-दोनच काढल्या आणि त्यातली एक नेमकी आमच्या वाट्याला आली. पडवीवर 'जीवनशिक्षण' अशी पाटी लागली आणि पाटीमागोमाग गुरुजी आले.

डोक्यावर टोपी, अंगात खादीचा सदरा, गुडघ्यापर्यंत चड्डी आणि हातात छत्री. ती छत्री ते ऐन माघात उघडून चालायचे. बांधावरची माणसं हसायची, तर थांबून विचारायचे, "का बरं हसलात?" आता हसण्याचं कारण काय सांगणार? माणसं मान खाली घालून गवत कापायला लागायची. "असं का बरं?" हा त्यांचा मंत्र होता. भाकरी गोल असते, असं का बरं? बैल डाव्या अंगाचा आणि उजव्या अंगाचा वेगळा, असं का बरं? बैलाला ते स्वतः इतके भ्यायचे की समोरून गाडी आली तर छत्री मिटून करवंदीच्या जाळीत शिरायचे, पण प्रश्न जाळीतनंसुद्धा विचारायचे.

हा मंत्र पोरांना आठ दिवसांत पाठ झाला. पाढे नाही झाले. घराघरात पोरं बापाला विचारायला लागली, असं का बरं? आमच्या हिरानं माझ्या सासऱ्यांना विचारलं, "आबा, तुमी जेवल्याबिगर आई जेवत न्हाई, असं का बरं?" आबांनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि तोंडातला घास तसाच ठेवून माझ्याकडं बघितलं. जणू मीच तिला शिकवून पाठवली होती.

आबा म्हणजे माझे सासरे, पण सगळं गाव त्यांना आबाच म्हणायचं. पांढऱ्या मिशा, लाल मुंडासं आणि घशात गावच्या पंचाचा आवाज. त्यांच्यापुढं माझे मालक "व्हय" ह्या शब्दाच्या पलीकडं कधी गेले नाहीत. मी भरे गावची. माहेरी तिसरी शिकले होते, तेवढ्यावर मला आबा कधीमधी "बालिष्टर" म्हणून हाक मारायचे. तर अशा घरात गुरुजींनी हात घातला.

त्यांची एकेक तऱ्हा ऐका. पोरांना ते अहो-जाहो करायचे. शेंबूड पुसता येत नाही अशा पोराला "अहो बाळूराव, जरा नाक बघा" म्हणायचे. हिरा सात वर्षांची, ती "हिराताई". दोन महिन्यांत पोरं अशी चढली की पाटलाचा बाळू आईला म्हणाला, "मला अरे म्हनू नगंस." पाटलीणबाईंनी त्याला अरे-तुरेच्या खालची जी भाषा होती ती ऐकवली.

शाळेला घंटा नव्हती. होती, पण गुरुजींनी ती उतरवून मारुतीला परत दिली. "मूल घंटेनं येऊ नये, मनानं यावं," असं म्हणाले. मनाला वेळ कळावी म्हणून देवळापुढच्या दीपमाळेची सावली जिथं पडते तिथं एक धोंडा पुरला. सावली धोंड्याच्या अलीकडं आली की उशीर झाला. आता उशीर झाला तर पहिले मास्तर पोराला छडी द्यायचे, ते सगळ्यांना पटत होतं. हे म्हणायचे, "चूक मुलाची नसते, मुलाच्या घराची असते. पालकांना पाठवा." आणि बाप आला की त्याला शाळेच्या दारात उभं करायचे. मारायचं नाही, बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं, एक पाठ संपेपर्यंत. आत पोरं कविता म्हणताहेत आणि दारात बाप मुंडासं काखेत धरून उभा! त्याला वाटेनं जाणारा प्रत्येकजण विचारणार, काय पाव्हणं, कितवीत?

पहिल्यांदा सगळ्यांनी दात विचकले. मग पाटील उभे राहिले. स्वतः पाटील उभे राहिल्यावर बाकीच्यांची काय बिशाद? पुढं पुढं तर काही काही बापांना त्याची चटकच लागली. बांधावर राबण्यापेक्षा सावलीत उभं राहून गोष्ट ऐकणं काय वाईट?

आबा मात्र गेले नाहीत. उशीर आमच्या हिरालाच सगळ्यांत जास्त व्हायचा, कारण शाळेआधी म्हैस ओढ्याकडं सोडून यायचं काम आबांनी तिला लावलेलं. गुरुजींचा निरोप यायचा, पालकांना पाठवा. माझे मालक जायला निघाले तर आबा म्हणायचे, "घराचा पालक मी हाय का तू?" आणि गुरुजींना उलटा निरोप द्यायचे, "त्याच्या दारात मी हुबा ऱ्हायलो तर ह्या मिशा काढून देईन म्हनावं." पोरीच्या तोंडूनच निरोप जायचा आणि यायचा. तिनं दोन्हीकडचे निरोप जसेच्या तसे पोचवले, एक अक्षर गाळलं नाही.

आबांचा राग नुसता उभं राहण्याचा नव्हता. शाळेत टकळीवर सूत काढायचं, वाफे खणायचे, ओढ्याचं पाणी मापायचं, हे सगळं चालायचं. त्यांच्या सुताचा करदोटासुद्धा टिकत नव्हता, तो भाग वेगळा. आबा पारावर बसून म्हणायचे, "आमी पोराच्या हातातला इळा सुटावा म्हनून त्याला शाळंत घालतो, आन् ह्यो बाबा त्याच्या हातात इळाच देतुया. मंग आमचं शेत काय वाईट हुतं? तितं चटणी-भाकर तरी मिळती." खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटायचं. पोरीनं चार बुकं वाचावीत, तिचं अक्षर मोत्यासारखं असावं, ही माझी हौस. आणि ती घरी येऊन सांगायची काय, तर आज आम्ही गांडुळं मोजली.

पालकसभा अमावस्येला असायची. त्या दिवशी कुणी औत धरत नाही, सगळे मोकळे असतात, एवढाच गुरुजींचा हिशोब. पण अमावस्येला शाळेत बोलावतो म्हटल्यावर म्हाताऱ्या बायांनी पोरांच्या दंडाला काळे दोरे बांधले. पहिल्याच सभेत पाटलांनी विचारलं, "गुरुजी, आमच्या बाळूचा लंबर कितवा?"

"नंबर नसतो," गुरुजी म्हणाले. "मूल म्हणजे काय शर्यतीचा बैल आहे?"

बैलाचं नाव निघाल्यावर पाटील खूश झाले, कारण त्यांचा बैल दर वर्षी पहिला यायचा. म्हणाले, "तसंच समजा."

"हे पाहा, हिराताई म्हणजे झरा आहे. झऱ्याला नंबर नसतो. बाळूराव म्हणजे कातळ आहेत. पण आत ओल आहे."

पाटलांनी त्या कातळाचा आठ दिवस विचार केला. मग पारावर आबांना म्हणाले, "माझ्या पोराला धोंडा म्हनला का वो त्यो?" आबा म्हणाले, "चांगल्या भाषेत म्हनला." तिथून गुरुजींच्या बदलीचा अर्ज करावा असं बोलणं सुरू झालं. अर्ज कुणी लिहायचा ह्यावर अडलं, कारण गावात अर्ज लिहून द्यायला गुरुजींशिवाय कुणी नव्हतं. शेवटी एकजण त्यांच्याकडं गेला, आणि गुरुजींनी आपल्याच बदलीचा अर्ज त्याला शुद्ध भाषेत लिहून दिला. वर म्हणाले, "तिसरं कारण जरा कच्चं आहे. ते काढलंत तर वजन येईल." तो अर्ज पुढं कुणी पाठवला नाही. पाठवायची लाज वाटली.

भाताचा पाठ तर गावाला महिनाभर करमणूक पुरवून गेला. गुरुजींनी प्रत्येक पोराला घरनं मूठभर भात आणायला सांगितलं. आमच्या खोऱ्यात घराघराचं भात निराळं. कुणाचं आंबेमोहोर, कुणाचं जिरेसाळ, कुणाचं तांबडं. एकाच जातीचं असलं तरी ह्या वावराचं टपोरं, त्या वावराचं बारीक. पोरांनी डोळे मिटून, तळहातावर चोळून, वास घेऊन ओळखायचं की कुठल्या घरचं. आबा म्हणाले, "भात वळकायला साळा? उद्या बापाला वळकायला शिकीवतील." हिरानं मूठ मागितली ती आबांच्या कणगीतली. त्या कणगीत एक जुनं भात होतं, त्याच्या टोकाला काळं कुसळ. झऱ्याखालच्या एका खाचरातच ते यायचं आणि गावात दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. आबा त्याला नाव घेऊन बोलायचे नाहीत, नुसतं 'आपलं' म्हणायचे. सख्ख्या भावालासुद्धा त्यांनी त्याचं बियाणं दिलं नव्हतं. हिराला मूठ मिळाली नाही. पण ती कणगीला लिंपलेल्या शेणात अडकलेले चार दाणे टोकरून घेऊन गेली.

आता मुद्द्याचं सांगते. हिरा चौथीत गेली. पुढं पाचवी होती ती तालुक्याच्या गावी, पौडला. पोरगे भल्या पहाटे निघून चालत जायचे, वाटेत ओढे, रान. पोरीला तिथं कोण पाठवणार? आबांनी सांगून टाकलं, "चौथी झाली की घरी. म्हस हाय, धाकटा भाऊ हाय. दोन-तीन सालांनी जागा बघू." जागा बघायची म्हणजे लग्नाची. मला स्वतःला तिसरीतून काढलं होतं तो दिवस मी विसरले नव्हते. पण बोलणार कुणाशी? मालक म्हणाले, "व्हय."

मी गुरुजींकडं गेले. अमावस्या नव्हती तरी गेले. पदर सावरून दारात उभी राहिले, तर म्हणाले, "आज कुणाला उशीर झालेला नाही. तुम्ही का उभ्या?" मी म्हटलं, "गुरुजी, हितंच पाचवी न्हाई का व्हायची?" ते बराच वेळ छत्रीच्या काड्या मोजत बसले. मग म्हणाले, "विचारू या की."

त्यांनी पौडला जाऊन दिपोटीसाहेबांना विचारलं. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. ते म्हणाले, असल्या शाळेनं स्वावलंबी व्हायचं असतं. शाळेच्या खाचरात जे पिकेल त्यातून पाचवीचं छप्पर आणि फळा निघत असेल तर मंजुरी देऊ. सुगीनंतर येऊन रास बघतो. झालं. म्हणजे माझ्या पोरीची पाचवी चौथीच्या पोरांनी लावलेल्या भातावर येऊन टेकली.

आणि त्या वर्षी गुरुजींना जपानी पद्धतीचं वेड लागलेलं. सरकारनंच काढलं होतं ते. दोरी धरून ओळीत रोपं लावायची, चिमटीत दोन-तीनच काड्या, मधे जागा सोडायची. गुरुजी म्हणाले, शाळेचं अर्धं खाचर जपानी, अर्धं आपल्या पद्धतीचं. बी दोन्हीकडं एकच, कोळंबा जातीचं. काय होतं ते बघू. लावणीच्या वेळी सगळं गाव बांधावर. पोरं दोरी धरून चिखलात, आणि गुरुजी छत्री धरून चिखलात. दोनदा बसले. उठून म्हणाले, "मी का पडलो, सांगा बरं?" आबा बांधावरनं म्हणाले, "भात हाय का पलटण?" लोक पोट धरून हसले.

सुगी झाली. पोरांनी दोन्हीकडचं भात वेगवेगळं कापलं, वेगवेगळं झोडलं. पायलीनं मापलं. आमच्याकडं रास मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पोरं मोठ्यानं म्हणत होती, लाभ, दोन, तीन. जपानी रास आपल्या राशीच्या दीडपट भरली. कोळशानं भिंतीवर लिहून टाकलं. गावाचं तोंड एवढंएवढं झालं. पिढ्यान् पिढ्या चिखलात घालवलेली माणसं आम्ही, आणि आम्हांला दोरीनं हरवलं. वर दोन्ही मिळूनसुद्धा छप्पर निघेल एवढं भात नव्हतंच. गुरुजींनी दोन्ही राशी पडवीच्या कोपऱ्यात चटयांखाली झाकून ठेवल्या. एकीवर पाटी 'जपानी', दुसरीवर 'आपली'. कुलूप लावलं नाही. कुलूप म्हणजे शेजाऱ्याला दिलेली शिवी, असं त्यांचं म्हणणं.

साहेब यायला आठवडा होता. त्या आठवड्यात मी एकदा दुपारी, गुरुजी पोरांना घेऊन ओढ्यावर गेलेले बघून, सुपात आमचं आंबेमोहोर घेतलं, वर फडकं टाकलं आणि देवळात गेले. आपल्या राशीची चटई उचलली, ओतलं, हात फिरवून सारखं केलं. आमचंच भात, आमच्याच पोरीसाठी. चोरी नेण्यात असते, ठेवण्यात कसली? बाहेर पडते तर समोरनं पाटलीणबाई टोपली घेऊन येताना. मी म्हटलं, "देवाला आल्ते." त्या म्हणाल्या, "मी बी देवालाच." देवाला येताना टोपलीवर फडकं कशाला, हे मी विचारलं नाही. माझ्या सुपावरही होतं.

त्या आठवड्यात मारुतीची एवढी भक्ती झाली की पुजारी चक्रावला. एरवी शनिवारीसुद्धा तेलाची वाण, आणि आता भरदुपारी माणसं येताहेत, जाताहेत, पाया पडताहेत. आबासुद्धा गेले. ते आयुष्यात कधी देवळाची पायरी चढले नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "गुडघं लई दुखत्यात. मारुतीला सांगून आलो." मला वाईट वाटलं. म्हटलं, माणूस थकला.

साहेब आले. जीप ओढ्यापर्यंत, पुढं चालत. साहेबांना सर्दी झाली होती आणि उजेड आहे तोवर परत जायचं होतं. सगळं गाव पडवीबाहेर जमलेलं. पोरांनी स्वागताचं गाणं म्हटलं. गुरुजींनी हार दिला नाही, मुळा दिला, पोरांनी पिकवलेला. साहेबांनी तो काखेत धरला आणि म्हणाले, "रास दाखवा."

जपानी राशीची चटई काढली. पोरांनी मापली, भिंतीवर लिहिलं होतं तेवढीच भरली. मग आपल्या राशीची चटई काढली, आणि गुरुजींचा हात तसाच वर राहिला. रास चटईखाली दडपलेली होती तोवर कळलं नव्हतं. आता ती बाजूंनी घरंगळायला लागली. खाली कोळंबा, वर पांढरट थर, मधे तांबडा पट्टा, एकीकडनं घमघमाट. मी पाटलीणबाईंकडं बघितलं. त्या मारुतीकडं बघत होत्या. आणि सगळ्या गावानं एकमेकांकडं बघायचं टाळलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओतणारी मी एकटी नव्हते. अख्ख्या गावानं ओतलं होतं, आणि जो तो समजत होता की आपण एकटेच शहाणे.

पोरांनी मापायला घेतलं. लाभ, दोन, तीन. भिंतीवरचा आकडा मागं पडला, जपानी रास मागं पडली, पायली थांबेना. मागनं कुणी म्हातारी म्हणाली, "मारुतीची किरपा." साहेब शिंकले आणि म्हणाले, "गुरुजी, एवढ्याशा खाचरात हे पिकलं?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "पण कसं आलं ते मला ठाऊक नाही. मुलांना विचारू या." आणि पोरांकडं वळले. "असं का बरं?"

बाळूनं मूठभर भात उचललं. चोळलं, वास घेतला. "गुरुजी, हे आमच्या घरचं जिरेसाळ हाय." पाटील खाकरले. दुसरा म्हणाला, हे आमचं तांबडं. तिसरी म्हणाली, हे आमच्या मळीतलं, ह्याला माती चिकटती. पोरं राशीवर तुटून पडली आणि एकेकानं आपापला बाप भर सभेत उचलून दाखवला. कातळ म्हटलेल्या बाळूनं तर आपल्या मामाच्या घरचंसुद्धा ओळखलं. हिरानं माझ्याकडं बघून सांगितलं, "हे आमचं आंबेमोहोर. आईनं टाकलंय." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि अभिमानसुद्धा वाटला, खोटं कशाला बोलू? पोरगी चुकली नव्हती.

मग ती थांबली. तिनं आणखी एक चिमूट उचलली, उजेडात धरली, आणि हळूच म्हणाली, "आन् हे काळ्या कुसळाचं. हे आबांचं."

सगळं गाव वळलं. आबा खांबाला टेकून उभे होते. ज्यानं भावाला बियाणं दिलं नाही त्यानं कणगी उघडली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पोरीच्या पाचवीसाठी दिलं ह्या माणसानं.

साहेब तापले. "गुरुजी, ही सरकारची फसवणूक आहे."

"फसवणूक नाही साहेब, गृहपाठ आहे," गुरुजी म्हणाले. "मुलांचा होता, पालकांनी करून दिला. मुलं पास आहेत, ते तुम्ही पाहिलंत. पालक नापास आहेत. पण नापासांना बाहेर काढायचं नसतं, असं आपल्याच परिपत्रकात आहे." आणि मग डोळे मिचकावून म्हणाले, "बाकी, नियमात लोकवर्गणी बसते ना? खाचरातलं ते स्वावलंबन. वरचं ती लोकवर्गणी."

साहेबांनी नाक पुसलं. उन्हाकडं बघितलं. जीप लांब होती. "बसते," म्हणाले. "पण वर्गणीदारांनी मान्य केलं पाहिजे. पहिलं नाव कुणाचं?"

गुरुजी आबांकडं बघत राहिले. आबांच्या मिशा थरथरल्या.

"मी पाचवीबिचवीसाठी न्हाई टाकलं," आबा कडाडले. "त्या जपान्याची जिरवायला टाकलं."

"कशासाठी ते लिहायला जागा नाही," साहेब म्हणाले. "नाव सांगा." आणि लिहून घेतलं. आबांचं नाव निघाल्यावर पाटलांनी दिलं, मग सगळ्यांनी. पाचवी मंजूर झाली. साहेब मुळा घेऊन गेले.

गावाला त्याचा पस्तावा वर्षभरातच झाला, कारण दर सुगीला गुरुजी शाळेची रास मांडून पडवीच्या दारात उभे राहायला लागले. "लोकवर्गणी," एवढंच म्हणायचे. आता झाकून न्यायचीही सोय उरली नव्हती. आणि आबांनी कितीही नाक मुरडलं तरी पुढच्या लावणीला झऱ्याखालच्या खाचरात मी दोरी बघितली. विचारलं तर म्हणाले, "बैल बांधायला आनलीया."

गुरुजी पुढं पाचेक वर्षांनी बदलून गेले. अर्जावर नाही, आपोआप. जाताना छत्री विसरले. ती शाळेत खुंटीला बरीच वर्षं होती, आणि नव्या मास्तरांनी घंटा परत आणली. सगळ्या गावाला हायसं वाटलं, असं सगळे म्हणायचे. तरी बाप लोक उगीच शाळेच्या दारापाशी घुटमळायचे.

पण मला ते गुरुजी आठवतात ते पाचवीच्या पहिल्या दिवशीचे. मंजुरी झाली तरी आबांनी हिराला पाठवतो असं काही म्हटलं नव्हतं. मी विचारलं की म्हणायचे, "बघू." सुट्टीभर माझा जीव टांगणीला. गुरुजींनी एकदा निरोप धाडला होता, 'पहिल्या वर्गणीदाराच्या घरचं मूल वर्गात नसेल तर शोभणार नाही.' त्यावर आबांनी मिशांवरनं हात फिरवला, एवढंच.

शाळा उघडली त्या दिवशी ऊन लख्ख होतं. मी पहाटेच पोरीची वेणी घातली आणि वाट बघत बसले, की आबा आता म्हणतील, म्हैस सोड. तर गोठ्यात म्हैस नव्हती आणि आबाही नव्हते. कधी नव्हे ते आबाच तिला घेऊन ओढ्याकडं गेले होते. त्यांना सवय नाही. म्हैस पाण्यात बसली, उठेना. आले तेव्हा उन्हं वर आली होती. चिखलाच्या पायानंच मुंडासं बांधलं आणि हिराला म्हणाले, "चल." मी घागर घेऊन मागनं गेले, पाण्याच्या निमित्तानं.

दीपमाळेची सावली धोंड्याच्या केव्हाच अलीकडं आली होती. गुरुजी दारात होते. म्हणाले, "या हिराताई, आत बसा." ती आत गेली. मग आबांकडं बघून म्हणाले, "उशीर झाला. असं का बरं?"

"म्हस नडली," आबा म्हणाले.

"मग उभे राहा."

आता मिशा तरी निघतील किंवा शाळा तरी मोडेल, असं वाटलं. आबांनी आत बघितलं. हिरा पाचवीच्या ओळीत बसली होती, पोरींत एकटीच, आणि मान वर करून त्यांच्याकडं बघत होती. आबांनी मुंडासं काढलं, काखेत धरलं, आणि उभे राहिले.

गुरुजींनी पाठ सुरू केला आणि त्या नादात ते आबांना साफ विसरले. एक पाठ संपला, दुसरा संपला. दुपारच्या सुट्टीपर्यंत आबा उभे होते. येणारेजाणारे थांबले, पण कितवीत असं कुणी विचारलं नाही.

घरी आले, ओट्यावर बसले, पाय लांब केले. मी पाणी दिलं. मग तांब्या खाली ठेवून म्हणाले, "बालिष्टर, उद्या तिला येळंवर उठीव. माझं गुडघं दुखत्यात."